मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आणि ड्रॅग स्ट्रिपवरचे पहिले ६० फूट

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी,

माझी गाडी म्हणजे पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, सहा गिअरची मॅन्युअल. टर्बो नाही. साधारण ३०० बीएचपी, माझ्यासकट वजन १५०० किलोच्या आसपास. मागे एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा डिफरेन्शियल) आहे. टायर गाडीबरोबर आलेले, रस्त्यावरचे परफॉर्मन्स टायर.

ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) पाव मैलाला १४.१ सेकंद लागतात, शेवटचा वेग ताशी १६७ किमी. याच मॉडेलच्या, काहीही बदल न केलेल्या गाड्या १३.५ च्या आसपास जाताना पाहिल्या आहेत. माझ्या टाइमस्लिपवर (फेरीच्या वेळा छापलेल्या चिठ्ठीवर) पहिल्या ६० फुटांची वेळ २.४८ दिसते, म्हणजे घोडं तिथेच अडलंय.

४५०० आरपीएमला धरून क्लच झटक्यात सोडला की टायर जागच्या जागी फिरतात. २००० ला सोडला तर इंजिन एकदम बसतं आणि गाडीला जाग यायला वेळ लागतो. गंमत म्हणजे दोन्ही प्रकारांत ६० फुटांची वेळ जवळपास सारखीच. मग मधली जागा शोधायची कशी? क्लच नेमका कसा सोडायचा? टायरमध्ये हवा किती ठेवायची, पाण्यात टायर भिजवायचे का, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

साठफुटी

अर्धं निदान तुमच्या टाइमस्लिपनेच करून दिलंय. पाव मैलाच्या शेवटी छापलेला वेग शेवटच्या ६६ फुटांत मोजलेला असतो, आणि तो मुख्यतः ताकद आणि वजन यांवर ठरतो. सुरुवात बरी झाली काय किंवा वाईट झाली काय, तो फारसा हलत नाही. १५०० किलोला १६७ म्हणजे तुमचं इंजिन धडधाकट आहे. वेळ गेलाय तो सुरुवातीलाच. ढोबळ हिशेब असा सांगतात की ६० फुटांत वाचवलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड दशांश होऊन परत मिळतो, कारण पुढचं सगळं अंतर तुम्ही थोड्या जास्त वेगाने कापत असता. २.४८ चे २.१ केलेत की १३.५ आले. त्यासाठी इंजिनला हात लावायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. टायर जेवढा टॉर्क (फिरवणारा जोर) जमिनीला देऊ शकतो तेवढाच त्याच्यापर्यंत पोचवायचा, बस. आणि मॅन्युअल गाडीत पहिल्या सेकंदभर ही सूत्रं अ‍ॅक्सिलरेटरकडे नसतात, क्लचकडे असतात. क्लच घसरत असतो तोवर त्यातून पलीकडे जाणारा टॉर्क प्लेटवर किती दाब आहे यावरच ठरतो. इंजिन ३००० ला फिरतंय की ४५०० ला, याने त्या क्षणी फरक पडत नाही. तुम्ही पाय झटक्यात काढता तेव्हा क्लच त्याच्या पूर्ण क्षमतेएवढा टॉर्क सोडतो, त्यात फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही एका दमात मागे जाते, आणि टायर सुटतात. म्हणून ४५०० ला 'झटका' आणि २००० ला 'झटका' हे दोन पर्याय नाहीतच. तो एकच चुकीचा प्रकार आहे, फक्त एकात टायर हरतो आणि दुसऱ्यात इंजिन.

पद्धत सांगतो. आधी पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून क्लच नेमका कुठे पकडतो ते पायाला पाठ करून घ्या. स्ट्रिपवर ३००० ला धरा. निघताना पेडल पकडीच्या जागेपर्यंत पटकन आणा आणि तिथून पुढचा इंच-दीड इंच सावकाश, साधारण सेकंदभरात सोडा. या वेळात उजव्या पायाने आरपीएम खाली पडू द्यायचा नाही, एवढंच. गाडी ताशी तीसच्या पुढे गेली की इंजिन आणि गिअरबॉक्स एका वेगाला येतात. तेव्हा डावा पाय पूर्ण काढा आणि मगच अ‍ॅक्सिलरेटर तळाला न्या. बहुतेक जण हाच क्रम उलटा करतात, आधी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर आणि मग क्लच.

मग ६० फुटांचा आकडा बघा. सुरुवातीचा आरपीएम दोनशे-तीनशेने वाढवत जा, आकडा बिघडायला लागला की एक पायरी मागे या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा आणि आरपीएम दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

बुशिंग

साठफुटींनी मूळ सांगितलंच आहे. एक भर घालतो, टायर अजिबात न फिरवणं हे ध्येय नाही. रबराची सर्वांत जास्त पकड थोड्या घसरणीवर मिळते, म्हणजे चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त असताना. टायर हलकासा कुरकुरतोय आणि गाडी पुढे जातेय, हा योग्य आवाज. ओरडतोय आणि धूर येतोय, हा चुकीचा. इंजिन खाली बसतंय आणि टायर गप्प आहे, तोही चुकीचा.

आणि टायर सुटलेच तर पाय पूर्ण काढू नका. पूर्ण काढला की वजन पुढे जातं, मागची पकड आणखी कमी होते आणि गाडी आडवी व्हायला बघते. पाव हिस्सा पाय उचला, टायर पकडला की परत द्या.

बलरेषा

गाडी सुटते तेव्हा मागच्या चाकांवर किती वजन येतं याचा हिशेब मांडून बघू, कारण पुढे सस्पेन्शनचा विषय निघणारच.

मागे सरकणारं वजन = गाडीचं वजन × प्रवेग × गुरुत्वमध्याची उंची ÷ व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर).

तुमची १५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर, व्हीलबेस २.६ मीटर आणि प्रवेग ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या ०.६ पट) धरला तर सुमारे १७३ किलो पुढून मागे जातं. उभी असताना मागच्या चाकांवर ४८ टक्के म्हणजे ७२० किलो असेल, तर सुटताना ८९३. पुढे इंजिन असूनही मागच्या चाकांची गाडी सुरुवातीला पुढच्या चाकांच्या गाडीला मागे टाकते ती यामुळे. पुढची चाकं ओढत असतील तर नेमक्या त्याच क्षणी त्यांच्यावरचं वजन कमी होत असतं.

आता कमाल किती ते बघा. रस्त्याच्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला तर तुमच्या गाडीचा सर्वांत जास्त प्रवेग ०.५२ जी येतो. ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचे चिकट टायर) आणि चांगला ट्रॅक मिळून १.२ धरला तर ०.७५ जी. वेळ मोजणं सुरू होण्याआधी गाडी जवळपास एक फूट पुढे गेलेली असते, ते धरून ६० फुटांची वेळ पहिल्या बाबतीत २.३५ च्या आसपास येते आणि दुसऱ्यात १.९६. तयार केलेल्या ट्रॅकवर रस्त्याच्या टायरचा घर्षणांक ०.९ च्या थोडा वर जातो, त्यामुळे २.१ ते २.२ ही तुमच्यासाठी खरी आणि गाठता येण्यासारखी हद्द आहे. २.४८ म्हणजे टायर देऊ शकतो त्यातलं बरंच काही तुम्ही वापरतच नाही आहात.

हेच गणित मागे इंजिन असलेल्या गाडीला लावा. मागे ६० टक्के वजन, तोच ०.९ चा टायर, बाकी सगळं तेच. ०.५२ चे ०.६५ जी होतात. शेव्हरोले कॉर्व्हेटने आठव्या पिढीत इंजिन चालकाच्या मागे नेलं, तेव्हा मागच्या चाकांवरचा भार ६० टक्क्यांवर गेला. ती गाडी ड्रॅग स्ट्रिपवर एवढी सहज सुटते त्यात या भाराचा मोठा वाटा आहे.

लाल_दिवा

मागचे स्प्रिंग मऊ केले की गाडी मागे जास्त बसते आणि जास्त वजन मागे येतं. मी आणि माझे दोन मित्र असेच बदल करणार आहोत. धागाकर्त्यांनीही विचार करावा.

बलरेषा

लाल_दिवा, वरच्या समीकरणात स्प्रिंग कुठेच नाही. प्रवेग, उंची, व्हीलबेस, वजन, एवढंच. गाडी मागे बसताना डोळ्यांना दिसते म्हणून वाटतं की बसण्यामुळे वजन गेलं. खरं उलट आहे. वजन गेलं म्हणून ती बसली. स्प्रिंग दगडासारखे कडक असले तरी शेवटी तेवढंच वजन मागे जाणार.

सस्पेन्शनने बदलतं ते वजन *किती लवकर आणि किती सरळ* पोचतं हे. पुढचा शॉकअब्सॉर्बर उलगडताना सैल असेल तर नाक पटकन उचलतं आणि मागच्या टायरवर भार लवकर येतो. ड्रॅगसाठीच्या पुढच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये उलगडणं सोपं आणि दबणं अवघड ठेवलेलं असतं ते यासाठी. मागचा फार मऊ केलात तर भार पोचायला उशीर होतो आणि मधल्या वेळात टायर सुटतो. शिवाय स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत मागचा भाग फार बसला की चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर पूर्ण रुंदीने टेकत नाही. मऊ स्प्रिंग घालण्याआधी याचा विचार करा.

लाल_दिवा

पटलं. मग जुन्या, सलग अ‍ॅक्सलच्या गाड्या ड्रॅगसाठी चांगल्या म्हणतात ते कशामुळे?

बुशिंग

कारण त्यात गाडी बसली तरी दोन्ही टायर जमिनीला सपाट राहतात, आणि ते सगळं प्रकरण मजबूत असतं. पण त्याची एक खोड आहे. प्रोपेलर शाफ्टचा (पुढून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) टॉर्क अख्ख्या अ‍ॅक्सलला पिळतो आणि उजव्या मागच्या चाकावरचा भार कमी करतो. म्हणून साधा डिफरेन्शियल असलेल्या जुन्या गाडीची जळल्याची खूण एकाच टायरची असते, आणि तो उजवा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरेन्शियल बॉडीला बोल्टने बांधलेला असतो, त्यामुळे ही खोड जाते. तिच्या जागी दुसरी येते, ती म्हणजे व्हीलहॉप.

व्हीलहॉप सगळ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण गाडी मोडते ती यात. टायर पकडतो, रबर आणि बुश (सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी तुकडे) पिळले जातात, पकड सुटते, सगळं उलटं उसळतं, टायर परत पकडतो. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं आणि मागून कोणी हातोडा मारतंय असा आवाज येतो. त्या प्रत्येक ठोक्याला हाफ-शाफ्टवर (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर), डिफरेन्शियलच्या दातांवर आणि त्याच्या माउंटवर झटका बसतो. व्हीलस्पिनमध्ये टायर झिजतो. व्हीलहॉपमध्ये शाफ्ट तुटतो. पहिला ठोका ऐकू आला की पाय काढा, ती फेरी गेली असं समजा. इथे 'पाव हिस्सा उचला' हे लागू नाही, पूर्ण काढा.

उपाय म्हणून लोक सबफ्रेमचे आणि डिफरेन्शियलचे बुश कडक करतात, शॉकअब्सॉर्बर बदलतात, कधी नुसती टायरची हवा दोन-तीन पीएसआय बदलूनही फरक पडतो. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्ही मध्ये तर कंपनीनेच दोन बाजूंचे हाफ-शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचे दिले होते, म्हणजे दोन्ही बाजू एकाच लयीत थरथरू नयेत. फार सुंदर विचार आहे तो. आवाज दाबायच्या ऐवजी त्याची लयच मोडली.

तिसरा_गिअर

मनापासून आभार. क्लचबद्दल भीती आहे मात्र. सेकंदभर घसरवायचा म्हणजे तो जळणार नाही का?

साठफुटी

रास्त शंका आहे. हिशेब करून बघा. पहिल्या गिअरमध्ये ४००० आरपीएमला तुमची गाडी साधारण ताशी ३४ किमीला असेल. १५०० किलोची त्या वेगाची गतिज ऊर्जा ६८ किलोज्यूलच्या आसपास. इंजिन एका आरपीएमला स्थिर धरून क्लच घसरवला तर जेवढी ऊर्जा गाडीला मिळते जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ही एका फेरीची किंमत. हळू घसरवला किंवा पटकन घसरवला तरी सारखीच, कारण वेळ वाढला तर टॉर्क कमी असतो. वाढते ती आरपीएम वाढवल्याने. ४००० चे ५००० केले की पन्नासेक टक्क्यांनी जास्त उष्णता, आणि रस्त्याच्या टायरवर त्याचा काहीच फायदा नाही.

म्हणजे क्लच वाचवायचा तर सुरुवातीचा आरपीएम गरजेपुरता ठेवा आणि दोन फेऱ्यांमध्ये वेळ द्या. बॉनेट उघडून उभे राहा. जळका वास आला किंवा पेडलची पकड वर-खाली सरकल्यासारखी वाटली तर त्या दिवसापुरतं थांबा. रांगेत पुढे सरकताना अर्ध्या क्लचवर गाडी रेटू नका, लोक इथेच तो तापवतात आणि मग लॉन्चला, म्हणजे लाइनवरून सुटण्याला, दोष देतात.

रबर

टायर आणि पाणी या विषयावर मी लिहितो.

रस्त्याचे टायर असतील तर स्टार्ट लाइनच्या आधी टायर भिजवायला केलेल्या पाण्याच्या पट्ट्यात जाऊच नका, बाजूने वळसा घालून या. टायरच्या खाचांत पाणी भरतं, चाकाच्या कमानीतही उडतं आणि नेमकं स्टार्ट लाइनवर ठिबकतं. तुमचीही पकड जाते आणि तुमच्या मागच्याचीही. लाइनच्या आधी टायर एकदा पटकन फिरवून खडे आणि धूळ झटकली की पुरे. या टायरना धूर निघेपर्यंत तापवलं तर वरचा थर तेलकट होतो आणि पकड घटते.

ड्रॅग रेडियल किंवा स्लिकचं (खाचा नसलेल्या टायरचं) वेगळं. ते पाण्यात ओले करायचे, पाण्यातून जरा पुढे यायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये चाकं जोरात फिरवायची, हलका धूर दिसला की सोडून द्यायचं. दुसरा गिअर अशासाठी की उष्णता चाकाच्या वेगाने येते आणि पहिल्यात इंजिन लगेच लाल रेषेला टेकतं. गाडी जागेवर धरायला लाइन-लॉक लागतो, तो फक्त पुढचे ब्रेक दाबून ठेवतो. २०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये तो कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आला. हँडब्रेक इथे उपयोगाचा नाही, तो मागच्याच चाकांना धरतो.

हवा. रस्त्याच्या टायरला मागे नेहमीपेक्षा चार ते सहा पीएसआय कमी करून बघा, त्याखाली जाण्यात अर्थ नाही. फार कमी केली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडाच काम करतात. ड्रॅग रेडियल पंधरा ते वीसमध्ये चालतात कारण त्यांची बांधणीच तशी असते. ते आकडे बघून रस्त्याच्या टायरची हवा काढू नका. पुढे उलट, थोडी जास्त भरा, लोळण्याचा विरोध कमी होतो. मोजताना एकाच तापमानाला मोजा, आणि घरी निघताना सगळी परत भरा.

ट्रॅक्शन कंट्रोलचं विचारलंत. बहुतेक गाड्यांत ते टायर सुटला की इंजिनची ताकद एकदम कापतं आणि परत यायला वेळ घेतं, म्हणून लॉन्चपुरतं बंद. पण सरळ ठेवणारं स्थिरता नियंत्रण वेगळं ठेवता येत असेल तर ते चालू राहू द्या. सगळं एकाच बटणात असेल तर सुरुवातीला चालू ठेवूनच क्लच शिका, मग बंद करा.

सरळ_रेषा

स्टार्ट लाइनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लाइनवर दोन प्रकाशकिरण असतात. पहिला पुढच्या चाकाने तुटला की प्री-स्टेजचा दिवा, आणखी काही इंच पुढे गेलात की स्टेजचा. मग साध्या ट्रीवर (लाइनवरच्या दिव्यांच्या खांबावर) तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि अर्ध्या सेकंदाने हिरवा. प्रो ट्रीवर तिन्ही पिवळे एकदम, आणि ०.४ सेकंदाने हिरवा. अमेरिकेत एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि दिव्यांचं हे झाड १९६३ पासून आहे, त्याआधी झेंडा दाखवून गाड्या सोडत.

नवख्यांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट ही की तुमची पाव मैलाची वेळ हिरव्या दिव्यापासून मोजत नाहीत. ती पुढचं चाक स्टेजचा किरण सोडतं तेव्हापासून मोजतात. हिरवा लागल्यावर दोन सेकंद बसून राहिलात तरी तुमची वेळ तीच येईल, फक्त रिअ‍ॅक्शन टाइमचा आकडा मोठा दिसेल. म्हणून शिकत असताना दिव्याशी शर्यत लावू नका. हिरवा लागू द्या, आरपीएम स्थिर करा, मग निघा. शेजारच्या लेनमधली गाडी गेली तर जाऊ द्या. शर्यत जिंकायची असेल तेव्हा मात्र रिअ‍ॅक्शन आणि वेळ यांची बेरीज लागते, तेव्हा तिसऱ्या पिवळ्याला सुटायला शिका.

आणखी एक. स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबलात तर किरण सुटेपर्यंत चाकाला जास्त अंतर मिळतं, गाडी चालत्या अवस्थेत घड्याळ सुरू करते, वेळ चांगली येते. पुढे सरकून उभे राहिलात तर रिअ‍ॅक्शन चांगला, वेळ वाईट. तुलना करायची असेल तर दर वेळी एकाच जागी थांबा, नाहीतर क्लच सुधारला की नुसती जागा बदलली ते समजणार नाही.

लेनमध्ये आधीच्या गाड्यांच्या रबराचे दोन काळे पट्टे असतात, मागची चाकं त्यावरच ठेवा. पट्ट्याबाहेर पकड झपाट्याने कमी होते. गाडी भिंतीकडे सरकायला लागली तर पाय काढा आणि स्टिअरिंग हलकेच सरळ करा. जोरात ब्रेक मारू नका.

पॅडल_शिफ्ट

मागे इंजिन आणि दोन क्लचचा गिअरबॉक्स असलेल्यांनी काय करावं? माझ्यात लॉन्च कंट्रोल आहे.

साठफुटी

डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजवा तळाला, आरपीएम स्थिर झाला की ब्रेक सोडा, पण एका झटक्यात. अर्धवट सोडलात तर गाडी ब्रेकशी भांडत निघते. आरपीएम बदलायची सोय असेल तर तयार ट्रॅकवर वाढवा, साध्या डांबरावर कमी करा. क्लच आणि तेल गरम झालं की यंत्रणा स्वतःच नकार देते, तेव्हा तिच्याशी हुज्जत नको.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवर धरून आरपीएम चढवतात, पण मागचे ब्रेक एका मर्यादेनंतर हरतात आणि चाकं फिरायला लागतात. त्याच्या जरा खाली थांबा. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनमध्ये ट्रान्सब्रेक दिला होता, म्हणजे चाकांऐवजी गिअरबॉक्सच आतून कुलूपबंद. ८४० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर, आणि एनएचआरएने नोंदवलेली पाव मैलाची वेळ ९.६५ सेकंद. पुढची चाकं हवेत उचलली जात. वजन मागे सरकतं म्हणजे काय ते त्या गाडीने उघड दाखवलं.

तिसरा_गिअर

मंडळी, जाऊन आलो. सांगितलं तसंच केलं. हवा मागे पाच पीएसआय कमी, पाण्याला वळसा, दिव्याकडे दुर्लक्ष. ३००० पासून सुरुवात केली आणि पायरीपायरीने वाढवलं. ३४०० ला सर्वांत चांगलं बसलं, ३७०० ला आकडा परत बिघडला.

६० फूट २.१७. पाव मैल १३.६४. शेवटचा वेग १६७ च, साठफुटी म्हणाले तसा जागचा हलला नाही. सर्वांत जास्त फरक पडला तो क्रम बदलल्याने, आधी क्लच पूर्ण आणि मग अ‍ॅक्सिलरेटर तळाला. पहिल्यांदा ती कुरकुर ऐकू आली तेव्हा अंगावर काटा आला, गाडी खरोखर पाठीला ढकलत होती.

आता नवीन अडचण. दुसरा गिअर टाकताना टायर परत सुटतात. आणि एका फेरीत मागून दोन-तीन ठोके आले, लगेच पाय काढला.

बलरेषा

अर्ध्या सेकंदाची कमाई, तीही फुकट. अभिनंदन!

दुसऱ्या गिअरचं कारण फ्लायव्हील आहे. गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडत नसाल तर आरपीएम वरच राहतो, आणि क्लच सोडताना तो फरक एकदम टायरवर पडतो. पाय नीट उचला, आरपीएम दुसऱ्याच्या जागेपर्यंत पडू द्या, मग द्या. याने काही शतांश जातील, पण टायर सुटल्याने जातात त्यापेक्षा कमी.

पॅडल_शिफ्ट

आता ड्रॅग रेडियल घ्याच. वर गणित दिलंय, १.९६ पर्यंत जाल.

बुशिंग

थांबा. ठोके आले आहेत हे वाचलंत ना? रस्त्याचा टायर या गाडीत फ्यूजचं काम करतोय. टॉर्क जास्त झाला की तो घसरतो आणि मागचं सगळं वाचतं. चिकट टायर लावला की तोच धक्का पुढच्या कमकुवत जागी जाईल, म्हणजे हाफ-शाफ्ट, डिफरेन्शियलचा माउंट किंवा क्लच. टायर घ्यायला हरकत नाही, पण व्हीलहॉप बंद झाल्यावर. गाडी उचलून डिफरेन्शियलचे आणि सबफ्रेमचे बुश बघा, पहार घालून किती हलतात ते तपासा. हाफ-शाफ्टचे रबरी बूट बघा, आतून ग्रीस बाहेर आलंय का. माउंटचे बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला घट्ट करा.

आणि १३.९९ च्या खाली आलात म्हणजे एनएचआरएच्या नियमांप्रमाणे हेल्मेट सक्तीचं होतं. तुमच्या स्ट्रिपचा नियम काहीही असो, घाला.

तिसरा_गिअर

हेल्मेट आधीपासून घालतोय. आज गाडी उचलून बघितली. बोल्ट ठीक आहेत. डिफरेन्शियलचा मागचा बुश तडकलाय, पहारीने चांगला हलतो, आणि उजव्या हाफ-शाफ्टच्या आतल्या बुटाला भेग आहे, ग्रीस आतल्या बाजूला उडालंय. बूट बदलून घेतो आणि बुश थोडा कडक घालतो. टायर तेच, ३४०० तेच. ठोके गेले की इथेच स्लिप टाकतो.

बुशिंग

बुश कडक घातलात की केबिनमध्ये डिफरेन्शियलची घरघर थोडी ऐकू येईल, घाबरू नका. आणि नवीन बुशवर ३४०० ने सुरू करू नका, ३००० पासून परत चढत या. मागचा भाग आता वेगळा वागेल.